कृपा आणि न्याय : बायबलमधील तीन कथा व तक्रारकर्त्याचा प्रश्न

१. प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी ‘कृपा’ ही संकल्पना आहे. मनुष्याचे तारण त्याच्या पुण्यसंचयाने होत नाही, ते ईश्वराच्या निर्हेतुक प्रेमाने होते, असा या संकल्पनेचा स्थूल आशय आहे. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘कृपा’ हा शब्द रूढ झाला. मराठीत या शब्दाला दुहेरी छटा आहे. ‘देवाची कृपा’ असे म्हणताना त्यात कृतज्ञता असते. परंतु ‘साहेबांची कृपादृष्टी आहे, म्हणून त्याचे काम झाले’ असे म्हणताना त्याच शब्दातून पक्षपाताची तक्रार व्यक्त होते. ज्याच्यावर कृपा होते तो धन्य होतो आणि जो शेजारी उभा राहून ती पाहतो, त्याच्या मनात ‘मग माझे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न क्षुद्र मत्सराचा आहे की न्यायबुद्धीचा, याचा निर्णय सोपा नाही.

बायबलमधील तीन कथांत हा शेजारी उभा असलेला माणूस ठळकपणे दिसतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात तो दिवसभर राबलेला मजूर आहे, लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात तो घरी राहिलेला थोरला मुलगा आहे, तर जुन्या करारातील योनाच्या पुस्तकात तो स्वतः संदेष्टा आहे. प्रवचनांतून आणि लोकप्रिय विवरणांतून या तिघांकडे बहुधा खलपात्र म्हणून पाहिले जाते. मजूर हावरा, थोरला भाऊ कोत्या मनाचा आणि योना हट्टी, असे साचे ठरून गेले आहेत. कथांचे बारकाईने वाचन केल्यास मात्र वेगळे चित्र दिसते. या कथांमध्ये तक्रारकर्त्याचे म्हणणे पूर्णपणे मांडले जाते, त्याचा न्याय्य वाटा कोठेही कमी होत नाही आणि त्याने पुढे काय केले हे सांगितले जात नाही. कृपा न्यायाला रद्द करीत नाही, न्याय पूर्ण झाल्यावर ती त्याच्या पुढे जाते, असा या कथांचा आशय आहे. पुढील सिद्धान्तरचनेत जेव्हा जेव्हा कृपेचा उपयोग तक्रारकर्त्याला गप्प बसविण्यासाठी झाला, तेव्हा तेव्हा तो या कथांपासून दूर गेला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. द्राक्षमळ्यातील मजूर

मराठी वाचकाला दृष्टान्ताची रचना अपरिचित नाही. तेराव्या शतकातील महानुभाव परंपरेच्या ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगे आढळतात. सूत्रात सिद्धान्त येतो, दृष्टान्तात कथा येते आणि दार्ष्टान्तिकात ती कथा सिद्धान्ताला लावून दाखविली जाते. ही त्रयी हाताशी घेऊन द्राक्षमळ्याची कथा वाचली असता तिचे वेगळेपण लक्षात येते. मत्तयाने कथेच्या आधी आणि नंतर, शेवटचे ते पहिले होतील या अर्थाचे सूत्र ठेवले आहे. परंतु हे सूत्र कथेला पुरते बसत नाही. कथेत क्रमाची अदलाबदल केवळ मजुरी वाटण्यापुरती आहे. तिचा खरा विषय क्रम नसून बरोबरी हा आहे. त्यामुळे हे सूत्र मूळ कथेचे नसून शुभवर्तमानकाराने जोडलेले असावे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. दार्ष्टान्तिक तर येथे जवळजवळ नाहीच. कथा कशाला लावावयाची, हे काम श्रोत्यावर सोपविलेले आहे.

कथेचा आराखडा असा आहे : मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन दिवसाला एक दीनार या ठरावाने मजूर लावतो. नंतर सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला, तीनला आणि अखेर सूर्यास्ताला तासभर उरला असता तो पुनःपुन्हा बाजारात जातो व तेथे उभ्या असलेल्यांना कामावर पाठवितो. संध्याकाळी कारभाऱ्याला तो शेवटी आलेल्यांपासून मजुरी देण्यास सांगतो. तासभर काम केलेल्यांना एक दीनार मिळतो. ते पाहून पहाटेपासून राबलेल्यांची अपेक्षा वाढते. पण त्यांनाही एकच दीनार मिळतो आणि ते कुरकुर करू लागतात.

येथे मजुरी देण्याचा क्रम कथनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते तर ते समाधानाने घरी गेले असते आणि तक्रार उद्भवलीच नसती. कथाकाराने त्यांना मुद्दाम थांबवून ठेवले आहे. मालकाचे औदार्य त्यांनी डोळ्यांनी पाहावे आणि त्यांच्या तोंडून तक्रार बाहेर यावी, अशी ही योजना आहे. ज्या कथेला तक्रारकर्ता नकोसा असतो ती त्याला साक्षीदार करीत नाही.

तक्रारीचे स्वरूपही लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याला कमी मिळाले, असे मजूर म्हणत नाहीत. तासभर काम करणाऱ्यांना मालकाने आपल्या बरोबरीचे केले, हे त्यांचे दुःख आहे. आपण दिवसाचा भार आणि उन्हाचा ताप सोसला, याची ते आठवण करून देतात. ही तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. श्रम आणि मोबदला यांत प्रमाण असावे, ही अपेक्षा कोणत्याही श्रमिकाची रास्त अपेक्षा आहे.

मालकाचे उत्तर दोन भागांत येते. पहिल्या भागात तो न्यायाची भाषा बोलतो : ठराव एका दीनाराचा होता, तो पाळला आहे, अन्याय केलेला नाही. दुसऱ्या भागात तो औदार्याची भाषा बोलतो : शेवटच्यालाही तेवढेच द्यावे, अशी आपली इच्छा आहे. विशेष म्हणजे न्यायाचा शब्द कथेत प्रथम मालकाच्याच तोंडी आला आहे. नऊच्या सुमारास लावलेल्या मजुरांना त्याने रक्कम सांगितली नव्हती. जे न्याय्य असेल ते देईन, एवढेच सांगितले होते. त्यामुळे ‘न्याय्य म्हणजे किती?’ हा प्रश्न कथेच्या प्रारंभीच वाचकाच्या मनात रुजतो. त्याचे उत्तर संध्याकाळी मिळते. दीनार ही सामान्य मजुराची दिवसाची मजुरी होती. तासाच्या हिशेबाने शेवटच्या मजुराला त्याचा बारावा भाग मिळाला असता आणि तेवढ्यावर घर चालले नसते. तो आळशी होता असेही कथा म्हणत नाही. दिवसभर का उभे राहिलात, या प्रश्नावर त्याचे उत्तर आहे की, कोणी काम दिले नाही. म्हणजे मालकाच्या दृष्टीने न्यायाचे माप श्रमाचे तास हे नाही, मजुराची गरज हे आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी दिली पाहिजे असा दंडक आहे आणि त्यामागचे कारण मजुराची गरज हेच दिले आहे. मालकाचे वर्तन या परंपरेला धरून आहे.

या कथेच्या आधुनिक वाचनांमध्ये मोठा मतभेद आहे. योआखिम येरेमियास यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दृष्टान्तविषयक ग्रंथात तिच्याकडे ईश्वरी औदार्याची कथा म्हणून पाहिले. विल्यम हर्झोग यांनी १९९४ मध्ये याउलट भूमिका घेतली : मालक हा ईश्वर नसून सत्ताधारी जमीनदार आहे व तो मजुरांमध्ये फूट पाडत आहे. अ‍ॅमी-जिल लेव्हिन यांनी २०१४ मध्ये कथेतील रोजगाराच्या प्रश्नावर भर दिला. हर्झोग यांचे वाचन टोकाचे वाटले तरी त्यातून एक गोष्ट पुढे येते. ‘माझ्या पैशाचे मी वाटेल ते करीन’ हे वाक्य मालकाच्या बाकीच्या वर्तनापासून तोडले, तर ते कोणत्याही लहरी धनिकाचे वाक्य होऊ शकते. त्याला कृपेचा अर्थ मिळतो तो ठराव पाळला गेला आहे आणि कोणीही रिकाम्या हाताने गेलेला नाही, या दोन गोष्टींमुळे. शिवाय मालक तक्रारकर्त्याला ‘मित्रा’ असे संबोधतो. मत्तयाने हेच ग्रीक संबोधन लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्यासाठी आणि पुढे यहूदासाठी वापरले आहे. त्यात जवळीक कमी आणि अंतर अधिक आहे. तक्रारकर्त्याला उत्तर मिळाले. पण तो पटवला गेला की नाही, हे वाचकाला कळत नाही. कथा मालकाच्या प्रश्नाशी थांबते.

याच कथानकाचे एक रूप यरुशलेमी तालमूदमध्ये आढळते. अल्पायुषी ठरलेल्या रब्बी बून बार हिय्या यांच्या निधनानंतरच्या भाषणात ते येते. तेथील राजा दोन तास काम केलेल्या मजुराला पूर्ण मजुरी देतो. पण तक्रार येताच सांगतो की, इतरांना दिवसभरात जमले नाही एवढे काम याने दोन तासांत केले. म्हणजे तेथे समान मजुरीचे समर्थन गुणवत्तेने होते. या दोन कथांच्या तुलनेवरून ‘यहुदी धर्म कर्माचा आणि ख्रिस्ती धर्म कृपेचा’ असा निष्कर्ष दीर्घकाळ काढला गेला. हा निष्कर्ष घाईचा आहे. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, तत्कालीन यहुदी धर्मविचारातही ईश्वराची निवड कृपेनेच होते आणि नियमपालन हा त्या नात्यात टिकून राहण्याचा मार्ग आहे. शिवाय तालमूदमधील कथेचा प्रसंग शोकाचा आहे. तरुण विद्वानाचे आयुष्य वाया गेले नाही, असे सांत्वन तेथे अभिप्रेत आहे. कृपेचा वेध घेणारी एक श्रेष्ठ कथा हिब्रू बायबलमध्येच आहे, हे पुढे योनाच्या संदर्भात दिसेल.

३. थोरला मुलगा

लूकच्या १५ व्या अध्यायाची पार्श्वभूमीच तक्रारीची आहे. येशू जकातदार आणि पापी समजल्या जाणाऱ्यांच्या पंक्तीला बसतो, म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करतात आणि त्यांना उत्तर म्हणून हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा या तीन कथा येतात. तिसऱ्या कथेच्या उत्तरार्धात थोरला मुलगा येतो. तो शेतातून परतत असताना त्याला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू येतो आणि घरात काय चालले आहे, हे त्याला चाकराला विचारावे लागते. मेजवानीची वर्दी त्याला कोणी दिलेली नाही. त्याच्या रागाला हे एक कारण कथेनेच पुरविले आहे.

त्याच्या तक्रारीत व्यवहाराचाही भाग आहे. नियमशास्त्राप्रमाणे ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे दोन मुलांत धाकट्याचा वाटा एकतृतीयांश. तो वाटा धाकट्याने घेतला आणि उधळला. आता घरात जे उरले आहे ते पुढे थोरल्याकडेच जाणार आहे. त्यामुळे धाकट्याच्या अंगावरचा उंची झगा, बोटातली अंगठी आणि मेजवानीसाठी कापलेले पुष्ट वासरू हे सारे थोरल्याच्या वाट्यातून खर्च होत आहे. आपल्याला कधी मित्रांबरोबर आनंद करण्यासाठी करडूही मिळाले नाही, हे त्याचे म्हणणे या दृष्टीने निराधार नाही.

तथापि तक्रार मांडताना त्याची भाषा त्याला उघडे पाडते. धाकट्याने पैसा वेश्यांवर उडविला, असे तो सांगतो. निवेदकाने केवळ उधळेपणाचा उल्लेख केला होता. वेश्यांचा तपशील थोरल्याचा आहे. तो ‘माझा भाऊ’ असे म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. स्वतःच्या इतक्या वर्षांच्या वास्तव्याचे वर्णन करताना तो गुलामगिरीचा शब्द वापरतो. धाकट्यानेही परत येताना ‘मला मजुरांपैकी एक करा’ असे म्हणायचे ठरविले होते. म्हणजे एक भाऊ घराकडे मजुराच्या नजरेने पाहतो, तर दुसरा गुलामाच्या. दोघांच्याही मनात घर हे कामाचे आणि मोबदल्याचे ठिकाण आहे. धाकट्याचे मजुरीविषयीचे वाक्य प्रत्यक्ष भेटीत उच्चारले जात नाही, बाप मध्येच चाकरांना आज्ञा देऊ लागतो. थोरल्याच्या मनातील हिशेब मात्र पूर्ण बोलून होतो व बाप तो ऐकून घेतो.

बापाचे वर्तन दोन्ही मुलांशी सारखे आहे. धाकट्याला भेटण्यासाठी तो धावत जातो. थोरल्याची समजूत घालण्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर येतो. त्याच्या उत्तराची सुरुवात ‘बाळा’ अशा मायेच्या संबोधनाने होते, हे मळ्याच्या मालकाच्या उत्तराशी ताडून पाहण्यासारखे आहे. त्यानंतर तो हक्काची ग्वाही देतो : जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे. धाकट्याच्या परतण्याने वाटणी पुन्हा होणार नाही. द्राक्षमळ्यात जे स्थान ठरलेल्या दीनाराचे, ते येथे या ग्वाहीचे आहे. न्यायाचा किमान भाग सुरक्षित ठेवूनच बाप आनंदात सहभागी होण्याचे आवाहन करतो आणि ‘तुमचा मुलगा’ या शब्दांच्या जागी ‘तुझा भाऊ’ हे शब्द ठेवतो. थोरला आत गेला का, हे लूक सांगत नाही. ज्या परूश्यांना ही कथा सांगितली जात होती त्यांनीच तिचा शेवट करावयाचा होता.

४. योना : पीडिताची तक्रार

वरील दोन कथांतील तक्रारकर्त्यांनी स्वतः काही गमावलेले नाही. योनाचे प्रकरण अधिक अवघड आहे. निनवे हे अश्शूर साम्राज्याचे महानगर होते व पुढे ते त्याची राजधानी झाले. याच साम्राज्याने इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन जिंकून इस्राएलचे उत्तरेकडील राज्य नष्ट केले आणि तेथील लोकांना देशोधडीला लावले. योनाचे पुस्तक त्यानंतर पुष्कळ काळाने लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यामुळे पहिल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक होती : कथेत ज्या शहराला क्षमा मिळते, त्याच शहराच्या सत्तेने पुढे आपल्या पूर्वजांचा संहार केला.

या पार्श्वभूमीवर योनाचा राग हट्ट राहत नाही. तो विरुद्ध दिशेच्या जहाजात का बसला याचे कारण चौथ्या अध्यायात कळते. ईश्वर दयाळू आहे आणि तो निनवेला क्षमा करील, ही त्याला वाटणारी भीती होती. शत्रूच्या नाशाची वार्ता सांगण्यास तो भ्याला नव्हता, शत्रू वाचेल याचे त्याला भय होते. निनवेकर पश्चात्ताप करतात, राजा गोणपाट नेसतो, प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा अशी द्वाही फिरते आणि नाश टळतो. योना शहराबाहेर जाऊन बसतो आणि मरण मागतो.

ईश्वर त्याला शिक्षा करीत नाही. तो सावलीसाठी वेल उगवितो, कीड लावून ती सुकवितो आणि मग विचारतो : एका रात्रीत उगवलेल्या वेलीसाठी तुला हळहळ वाटते, तर उजव्याडाव्या हाताचा भेदही न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या शहराची हळहळ मला वाटू नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपते. योनाचे उत्तर नोंदविलेले नाही. यहुदी परंपरेत प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरच्या दुपारी, हे पुस्तक वाचले जाते. स्वतःसाठी क्षमा मागण्याच्या दिवशी शत्रूला मिळालेल्या क्षमेची कथा ऐकणे, ही योजना अर्थपूर्ण आहे. मात्र येथे क्षमेच्या आधी जुलूम सोडण्याची आज्ञा आहे, हेही विसरता येत नाही.

५. कथेकडून सिद्धान्ताकडे

कथा प्रश्नावर थांबू शकते. सिद्धान्ताला उत्तर द्यावे लागते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मजुरी आणि कृपा यांतील भेद स्पष्ट केला : काम करणाऱ्याची मजुरी हे ऋण असते, ते दान नव्हे. परंतु त्याच पत्रात, कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो व तो ठामपणे फेटाळतो. तक्रारकर्त्याचा आवाज पौलाच्या लेखनात अजून जिवंत आहे.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यातील वादात हा आवाज निराळ्या रीतीने पुढे आला. पेलाजियसचा आग्रह नैतिक जबाबदारीचा होता. न्यायी ईश्वर मनुष्याला न पेलणारी आज्ञा देणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्टीनला त्यात मनुष्याच्या अहंकाराचा धोका दिसला. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसच्या मतांचा निषेध केला. मनुष्य स्वतःच्या बळावर स्वतःला तारू शकत नाही, ही ऑगस्टीनची अंतर्दृष्टी खोल होती. प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. ईश्वर काहींवर कृपा करतो आणि इतरांवर करीत नाही, याचे समर्थन करताना त्याने सावकाराचे उदाहरण वापरले. सर्वच ऋणी असताना सावकाराने एकाचे कर्ज माफ केले आणि दुसऱ्याकडून वसूल केले, तर दुसऱ्यावर अन्याय होत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे.

वरवर पाहता हा युक्तिवाद द्राक्षमळ्याच्या मालकासारखा वाटतो. पण दोहोंत मूलभूत अंतर आहे. मालकाच्या हिशेबात सर्वांना निर्वाहापुरते मिळाले आहे. तेथे प्रश्न केवळ तुलनेचा आहे. सावकाराच्या उदाहरणात एक मुक्त होतो आणि दुसरा बुडतो. तेथे तक्रार करणारा दुसऱ्याच्या भाग्यावर जळत नसून स्वतःच्या नाशाविषयी बोलत आहे. त्याला ‘तुझ्यावर अन्याय झालेला नाही’ असे सांगणे तर्काला धरून असेल, परंतु कथेला धरून नाही. एक्लानमच्या ज्युलियनने बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांच्या दंडाविषयी ऑगस्टीनला जे प्रश्न विचारले, त्यांच्या मुळाशी हीच अस्वस्थता होती. ५२९ मधील ऑरेंज येथील धर्मसभेने कृपेचे प्राथम्य मान्य केले. मात्र ईश्वराने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे, हे मत तिने नाकारले. चर्चलाही हा प्रश्न केवळ तर्काने सुटलेला वाटला नव्हता, असा याचा अर्थ होतो.

पुढे १५१७ पासूनच्या धर्मसुधारणेत कृपा आणि कर्म यांचा वाद पश्चिम युरोपातील चर्चच्या फुटीचे कारण झाला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन विश्वमंडळ व कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या करून यातील मूलभूत मुद्द्यांवर सहमती नोंदविली. ईश्वरासमोर मनुष्य कृपेने उभा राहतो, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले. पण मनुष्य मनुष्यासमोर कशाने उभा राहतो, हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

६. स्वस्त कृपा आणि पीडिताचा हक्क

दस्तयेवस्की यांच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८७९–८०) या कादंबरीत इव्हान हा प्रश्न तीव्रतेने मांडतो. एका जमीनदाराने क्षुल्लक कारणावरून लहान मुलावर कुत्रे सोडून त्याला आईदेखत फाडून मारविले, ही हकिकत तो सांगतो. आईने स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करावी. पण मुलाच्या यातनांसाठी क्षमा करण्याचा तिला अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. इव्हानची तक्रार तासाच्या मजुरीची नाही. पीडिताला वगळून दिलेली क्षमा न्याय्य कशी, असे तो विचारतो. हा योनाच्याच प्रश्नाचा अधिक गडद आविष्कार म्हणता येईल. कादंबरीत अल्योशा ख्रिस्ताकडे बोट दाखवितो : स्वतः निरपराध असून यातना सोसलेल्याला क्षमेचा अधिकार आहे. हे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म आहे. तरीही दस्तयेवस्कींनी इव्हानला पराभूत करून दाखविलेले नाही. तक्रारीचे वजन कमी न करण्याची ही प्रामाणिकता बायबलमधील कथांच्या जातीची आहे.

डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ ही संज्ञा वापरली. पश्चात्तापावाचून क्षमा आणि अनुसरणावाचून धर्म म्हणजे स्वस्त कृपा, असा तिचा आशय आहे. नाझी राजवटीशी जुळवून घेणाऱ्या जर्मन चर्चच्या संदर्भात ही टीका होती आणि तिची किंमत बोनहोफर यांनी मोजली. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फ्लोसेनबुर्ग येथे फाशी देण्यात आली. कृपेवर अढळ श्रद्धा असलेल्या धर्मवेत्त्यानेच तिच्या गैरवापराविरुद्ध इशारा द्यावा, याला विशेष अर्थ आहे.

शुभवर्तमानांतही याचे आधार आहेत. मत्तयच्या १८ व्या अध्यायातील चाकराला धनी १०,००० तालांतांचे कर्ज माफ करतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार धरल्यास ही रक्कम ६ कोटी दीनार, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी होते. हा चाकर बाहेर पडताच सोबत्याला १०० दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. येथे धन्याकडे जाऊन झाला प्रकार सांगणारे इतर चाकरही तक्रारकर्तेच आहेत आणि त्यांची तक्रार ऐकली जाते. कृपा मिळालेल्याने ती अडवून धरली, तर धनी पुन्हा न्यायाची भाषा बोलतो. लूकच्या १९ व्या अध्यायातील जक्कय हा जकातदारांचा मुख्य आहे. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा लोक कुरकुर करतात. जक्कय मात्र निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई करण्याचे जाहीर करतो. येशूने ही अट घातली नव्हती. कृपा आधी आली आणि तिच्यामागून भरपाई आली. कृपा स्वस्त नाही याची खूण म्हणजे पीडिताच्या हाती पडलेली ही चौपट रक्कम होय.

७. ‘अन्टू धिस लास्ट’ आणि सर्वोदय

द्राक्षमळ्याच्या कथेचा एक धागा भारतापर्यंत, आणि विशेषतः महाराष्ट्रापर्यंत, येऊन पोहोचला आहे. जॉन रस्किन यांनी १८६० मध्ये नियतकालिकातून प्रसिद्ध केलेल्या व १८६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांना ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव दिले ते मळ्याच्या मालकाच्या उत्तरावरून. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी हे पुस्तक आगगाडीत वाचले. हेन्री पोलॉक यांनी ते त्यांना दिले होते. १९०८ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा गुजराती गोषवारा ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘या शेवटच्यालाही’ या शब्दांचे ‘सर्वांचा उदय’ असे रूपांतर होणे ही साधी गोष्ट नव्हे. शेवटच्या माणसाला मिळाले तरच ते सर्वांना मिळाले, असा त्या कथेचा अर्थ येथे लावला गेला. दृष्टान्ताला मिळालेले हे एक दार्ष्टान्तिकच आहे.

गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ पासून भूदानाच्या रूपाने हा विचार पुढे नेला. या चळवळीची नैतिक उंची निर्विवाद असली तरी दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी लागवडीच्या उपयोगाची नव्हती आणि पुष्कळशी प्रत्यक्ष वाटली गेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. हक्क मागता येतो. मळ्याचा मालक उदार निघाला म्हणून शेवटच्या मजुराला दीनार मिळाला. दुसऱ्या दिवशी तो बाजारात पुन्हा त्याच चिंतेने उभा राहिला असणार.

भारतीय संविधानाच्या चौथ्या भागात या दोन्ही भूमिका शेजारी आढळतात. अनुच्छेद ३९(घ) समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व सांगतो, तर अनुच्छेद ४३ कामगाराला निर्वाह वेतन मिळावे असे निर्देशित करतो. पहिले तत्त्व पहाटेच्या मजुराच्या तक्रारीला जवळचे आहे, तर दुसरे मालकाच्या कृतीला. संविधानकर्त्यांसमोर ही कथा होती, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु सुजाण समाजाला दोहोंपैकी एक निवडून भागत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, बायबलमधील कृपेच्या कथा मानवी न्यायबुद्धीला तुच्छ लेखत नाहीत. ठरलेला दीनार आणि वारसाहक्काची ग्वाही यांच्या रूपाने न्यायाचा किमान भाग त्या जपतात. दुसरी, तक्रारकर्ता या कथांचा आवश्यक घटक आहे. त्याच्यावाचून कृपेचे मोल दिसत नाही आणि तिचे विवाद्य रूपही उघड होत नाही. तिसरी, या कथा दोन प्रकारच्या तक्रारींत भेद करण्यास शिकवितात. ‘त्याला माझ्याइतके का मिळाले?’ ही तक्रार मालकाच्या प्रश्नाने अंतर्मुख व्हावी अशी अपेक्षा आहे. ‘माझ्यावर झालेल्या जुलमाचे काय?’ ही तक्रार मात्र कोणत्याही कृपेच्या नावाखाली दाबता येत नाही. जक्कयाने तिला चौपट भरपाईने उत्तर दिले, तर योनापुढे ती प्रश्नाच्याच रूपात राहिली.

कृपेचा उपदेश कोण कोणाला करतो, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. ज्याचे पोट भरले आहे त्याला शेवटच्या मजुराविषयी उदार होण्यास सांगणे, हा कथेचा उपयोग आहे. ज्याचे लुटले गेले आहे त्याला लुटणाऱ्याविषयी उदार होण्यास सांगणे, हा तिचा दुरुपयोग ठरतो. मजूर, थोरला मुलगा आणि योना या तिघांनाही त्यांचे म्हणणे पूर्ण बोलू दिले गेले. कृपेचा विचार करणाऱ्या कोणत्याही धर्ममंडळाने अथवा समाजाने निदान एवढे तरी पाळले पाहिजे.